आबांचा संशय

आमचे आबा, कान्होजी मोहिते, कुणावर म्हणून विश्वास ठेवत नसत. वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दाल बाजारातल्या दुकानांचे काटे तपासण्यात सगळी नोकरी सरली आणि तीच नजर ते घरी घेऊन आले. मी सून म्हणून या घरात आले तेव्हा दूधवाला, धोबी आणि मी, तिघेही त्यांच्या संशयाखाली होतो. "हिच्या चहात साखर कमी का असते?" असं त्यांनी माझ्या नवऱ्याला, राघवला, बाजूला घेऊन विचारलं होतं. मी भयंकर चिडायचे.

म्हणूनच आजार पहिल्यांदा मला कळला. एकदा आबांनी डाळ आणली आणि घरच्या काट्यावर घातलीच नाही. "दुकानदार म्हणाला ना, बरोबर आहे!" दोन दिवसांनी अनोळखी माणसाच्या हातात घराची किल्ली देऊन फिरायला गेले. राघव म्हणाला, म्हातारपणी माणूस निवळतो. निवळतो कसला! मी हट्टाने तपासणी करायला लावली. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ निघाली.

ऑपरेशन झालं, किरणोपचार झाले. ऑपरेशननंतर शुद्धीवर येताच आबांनी नर्सला विचारलं, "बाटलीचं सील दाखव, पहले से खुली तो नहीं थी?" राघव आणि मी आनंदाने रडलो.

वर्षभराने तिथेच पुन्हा डाग दिसला. गाठ परतली की किरणांनी झालेली इजा, हे नेहमीच्या एमआरआयवरून सांगता येईना. गाठ असेल तर पुन्हा डोकं उघडायचं. डॉक्टर उन्नती एका नव्या तपासणीवर संशोधन करत होत्या. मेंदूच्या कुठल्या भागातून वीज किती सहज वाहू शकते, त्याचं चित्र. त्यांनी आबांची संमती मागितली.

आता आबा उखडणार, म्हणून मी वाट बघत बसले. त्यांनी सहीसाठी पेन मागितलं. शेवटी त्यांच्या वाटचं मीच विचारलं, "वीज दिसणार कशी? डोक्यात करंट सोडणार?"

"करंट हम देते ही नहीं," डॉक्टर म्हणाल्या. "मशीन वही एमआरआयवाली है. त्याच्याच रेडिओलहरींवरून हिशेब करतो. गाठीत पाणी, क्षार वेगळे असतात, म्हणून तिथून वीज बहुतेक जास्त सहज वाहते."

"बहुतेक म्हणजे? आणि हिशेब चुकला तर?"

"सोनल, बेकार में कशाला त्रास देतेस बिचारीला," आबा म्हणाले.

मला त्यांच्या या गोडव्याचाच संशय आला. दमले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी डॉक्टरांनी चित्र दाखवलं. निळ्या-हिरव्या मेंदूत पुढे एक लालभडक ठिपका. "इथे वाहकता जास्त आहे. पण तपासणी नवी आहे, एवढ्यावरून ठरवणार नाही. तुकडा काढून तपासावा लागेल."

"अजून पक्कं नाही," राघव पटकन म्हणाला.

मी आबांकडे वळले. माझा आवाज चढला. "आबा, काहीतरी विचारा ना! हे चित्र तुमचंच कशावरून? दुसऱ्या कुणाचं असलं तर?"

आबा हसले. माझ्या डोक्यावर त्यांनी कधी नव्हे तो हात ठेवला.

"अगं, त्या कशाला खोटं बोलतील?"

राघवने मान खाली घातली. मला तिथेच रडू कोसळलं.