मतापुरतं माहेर

गेल्या महिन्यात मतदार यादीच्या कामावरच्या एक बाई आमच्या डोंबिवलीच्या घरी आल्या. त्यांनी मुलगा, सून, नातू अशी नावं वाचली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आजी, तुमचं नाव इथं नाहीच."

"गावाला आहे," मी म्हटलं.

"आणि राहता कुठं?"

"इथंच की."

"मग नाव इथंच हवं. हा अर्ज भरून ठेवा, मी परवा येते."

सून लगेच म्हणाली, "बरं झालं. आईंचे गुडघे बघता आता गावाला जाणं नकोच." आमच्या घरात माझ्या गुडघ्यांचं मत धरतात, माझं नाही.

माझं नाव आहे माहेरच्या गावात. शहाड स्टेशनला उतरून मुरबाडच्या रस्त्याने आत जावं लागतं. लग्नाआधी लागलेलं नाव नंतर कोणी काढलंच नाही. आमच्याकडे सासरी गेलेल्या मुलींची नावं तशीच ठेवत. यात माया कमी, राजकारण जास्त. मतदानाच्या सकाळी जीप निघायची आणि ठाणे, डोंबिवली, कल्याण करत माहेरवाशिणी गोळा करून गावाला न्यायची. संध्याकाळी परत जिच्या तिच्या दारात.

पहिल्यांदा जीप आली तेव्हा मी ठाण्याला नौपाड्यात नवी नवरी. मला वाटलं, उमेदवाराने खास माझ्यासाठी धाडली! लग्नातला शालू नेसून, नवऱ्याचा काळा चष्मा चढवून मी पुढच्या सीटवर बसले. मागे सात बायका एकमेकींच्या मांडीवर. चाळीत सांगून ठेवलेलं, "माझ्या मतावाचून त्यांचं अडलंय." मतपत्रिका हातात आली ती उशीच्या अभ्र्याएवढी. शिक्का मारला आणि घडी केली ती थेट विड्याची, त्रिकोणी, टोक आत खोचून. शाई ओलीच होती. उघडल्यावर शिक्का चार जणांवर उठलेला दिसला असेल. त्या खेपेला आमचा माणूस पडला, आणि मी महिनाभर चोरासारखी वावरले. जणू एवढा मोठा मतदारसंघ माझ्या एकटीच्या विड्याने बुडवला.

तेव्हा ठाणं आणि आमचं गाव एकाच मतदारसंघात. ठाण्यात टेंभी नाक्यावर ज्याची पोस्टरं, त्याचीच आमच्या ओट्याच्या भिंतीवर. दर वेळी ओढ्यावरच्या पुलाचं आश्वासन. तीन खासदार त्या पुलावर निवडून आले, पूल चौथ्याच्या वेळी झाला. पुढे हद्दी बदलल्या. गाव एका मतदारसंघात गेलं, मी राहते ती डोंबिवली दुसऱ्यात. नळाला पाणी नसलं की कुठल्या खासदाराला शिव्या द्याव्यात, हेच मला कळेना. निशाण्या बदलल्या, झेंडे बदलले, शिक्क्याऐवजी बटण आलं. जीपही यायची बंद झाली. मी मात्र एसटीने, रिक्षाने जातच राहिले.

कारण वेगळं होतं. बाबा गेल्यावर तहसील कचेरीत हक्कसोडपत्रावर मी हसत सही केली. भावाने साडी घेतली, मी ती मिरवली. सातबाऱ्यावर नाव राहिलं नाही, याचं तेव्हा काही वाटलं नाही. पण यादीत आमच्या घर नंबराखाली बाबा, आई, भाऊ, वहिनी आणि शेवटी मी, अशी पाच नावं असायची. माझ्यापुढे वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. नातवंडं झाली तरी यादीत मी बाबांची मुलगीच. एकेक करून तीन नावं गेली. भाचा कल्याणला राहतो, त्याचं नाव तिथं. आता त्या घर नंबराखाली दोघीच उरलो, वहिनी आणि मी. त्या घरात राहते मात्र ती एकटी.

त्या अर्जावर सही केली की गावातल्या कुठल्याच कागदावर मी नव्हते. दोन दिवस अर्ज उशाखाली ठेवला. मग वहिनीला फोन केला.

"वन्सं, काढा की नाव," ती म्हणाली. "नाहीतरी तुम्ही मत देता ते सगळे पडतात."

"तुझे कुठं निवडून येतात?"

"माझे येतात. मी कोणाला सांगत नाही म्हणून येतात." मग म्हणाली, "पुढच्या मतदानाला शाळेत मी एकटीच जायचं ना?"

मी म्हटलं, "शेजारची असेल की."

"असेल," ती म्हणाली आणि दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. दुपारी तीन वाजता कसलं दूध?

तिसऱ्या दिवशी यादीवाल्या बाई आल्या. मी सही केली. खोटं तरी किती बोलणार, राहते मी इथंच. त्यांनी नवऱ्याच्या नावाची जागा दाखवली. बाबांचं नाव विचारलंच नाही. बाई गेल्यावर मी गुडघ्यांना तेल चोळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला म्हटलं, "मी गावाला जाऊन येते."

"आज? आज काय आहे?"

"काही नाही."

शहाडहून रिक्षा केली. मला अंगणात बघून वहिनी सुपातले तांदूळ तसेच टाकून उठली. "आज कुठलं मतदान, वन्सं?"

"आज नाही. नाव काढलं मी."

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. वजन बघून म्हणाली, "एवढीच? उद्याचं लुगडं आणलंत की नाही? एवढ्या वर्षांत एकदा तरी राहिलात का? बोटाची शाई वाळायच्या आत निघायच्या."

मी म्हटलं, "जीप थांबलेली असायची ना."

"आता कुठंय जीप?" असं म्हणून ती पिशवी आत घेऊन गेली आणि फळीवर तिच्या लुगड्यांशेजारी ठेवली.