मुक्या तपासणीचा छडा

अकोटच्या जिनिंगात चौतीस वर्षं फिटर राहिलेल्या खुशालरावांचा मशीनच्या आवाजावर विश्वास नव्हता, माणसाच्या शब्दावर तर त्याहून नव्हता. बंद नळही ते पुन्हा पिळून पाहत.

त्यांची मुलगी पौर्णिमा अमरावतीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरूनच करायची. प्रोग्राम तयार होताना तिनं लिहिलेला प्लगइन एकेक फाइल तपासायचा आणि काय तपासलं ते लॉगमध्ये लिहायचा. त्या दिवशी प्रोग्राम तयार झाला, पण लॉगमध्ये तपासणीची एकही ओळ नव्हती. चार वाजता तिच्या साहेबांना, श्यामसरांना, लॉग दाखवायचा होता. नाही दाखवला तर प्लगइन काढणार. तिची वर्षभराची मेहनत पाण्यात.

"पियुषनंच केलं बाबा. संगं काम करते, पन त्याले माया प्लगइन पयलेपासून नको होता." तिनं तक्रारीची मेलही लिहून ठेवली होती.

"धाडू नको. तपासनी बंद हाय का मुकी झाली, हे पायलं का?"

"कसं पाहू? लॉगच नाई."

"आमी कापसात मुद्दाम बोल्ट टाकत होतो. चुंबकानं धरला, तर चुंबक चालू. तू एक खराब फाइल टाक."

तिनं टाकली. प्रोग्राम अडकला, लॉगमध्ये चूक उमटली.

"म्हनजे चूक बोलते, बाकी गियते," खुशालराव म्हणाले. "आता तिचं तोंड कोनं दाबलं ते पाय. अंदाजानं नाई."

स्वतःच्या लॅपटॉपवर तिनं तोच प्रोग्राम तयार करून पाहिला. ओळी भराभर आल्या. गडबड कंपनीच्या सर्व्हरवर होती. तिथली सेटिंगची फाइल तिनं ओळीओळीनं वाचली. एका ओळीत हुकूम होता: फक्त चुका दाखवा. ओळ टाकणाऱ्याचं नाव शेजारीच होतं. पौर्णिमा.

"लॉग लई लांब होत होता," ती हळूच म्हणाली. "शुक्रवारी घाईत टाकली."

"घाईतलं काम दोनदा करा लागते."

तिनं ओळ काढली, प्रोग्राम पुन्हा तयार केला; लॉग भरला, तो तिनं चारच्या आत श्यामसरांना पाठवला. तक्रार पुसून तिनं पियुषला फोन लावला.

"मी तुयावर शक घेतला होता."

"मी बी सकायपासून तुयावरच घेऊन राहिलो!"

सव्वाचारला श्यामसरांची मेल आली: प्लगइन ठेवा. पौर्णिमा टाळी वाजवून उठली. खुशालरावांनी चष्मा पुसून मेल स्वतः वाचली, वरपासून खालपर्यंत.

"याच्यात त्याची सही कुठं हाय?"