दुसऱ्याच्या पायांनी चालवलेली गाडी

आमच्या नात्यात, बीदरपासून अफजलपूरपर्यंत, माझ्या मुलीला भित्री म्हणतात. ऑस्ट्रेलियात जाऊन गाडीच्या परीक्षेत नापास झाली, स्टिअरिंग धरलं की तिचे हात कापतात, अशी गोष्ट लग्नकार्यात जेवताना निघते आणि लोक हसतात. ही गोष्ट खोटी आहे. ती मी पसरवली. आज माझं वय सत्तरीच्या पुढे आहे आणि ती मोडायची तर मीच मोडली पाहिजे.

मी हायस्कुलात शिक्षक होतो, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो. मूळ गाव जनवाडा, घर बीदरला. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एक जुनी पांढरी गाडी घेतली. मुलगी तेव्हा एम.एस्सी. करत होती. दर रविवारी गाडी तीच धुवायची, काचा वर्तमानपत्रानं पुसायची. अप्पा, शिकवा की, असं ती कितीदा म्हणाली असेल. मी आज पेट्रोल कमी आहे म्हणायचो, उद्या रस्त्यावर गर्दी आहे म्हणायचो. खरं कारण एवढंच, की गाडीला ओरखडा आलेला मला चालला नसता. गाडी धुताना तिनं फडकं कोरडं वापरलं तरी मी ओरडायचो.

मग स्थळ आलं. मुलगा ऑस्ट्रेलियात इंजिनिअर, घरचे अफजलपूरकडचे, उसाची शेती असलेले. मध्यस्थानं बायोडाटा मागितला आणि म्हणाला, "सर, मुलीला गाडी येते का, तेवढं लिवा. तिकडं गाडीबिगर भाजीसुदिक आणता येत न्हाई म्हणायलेत." आमच्या बहिणींच्या वेळी पोरीला सुई ओवायला लावत, गाणं म्हणायला लावत. आता गाडी. मी लिहिलं: चारचाकी चालवते, लायसन्स आहे. दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. त्यातली दुसरी खरी करणं सोपं होतं.

मुलगी म्हणाली, "लायसन्स नंतर काढू अप्पा, आधी शिकवा तर."

मी म्हणालो, "आधी जमू तर दे."

ओळखीतून एक एजंट गाठला. कुठल्या गावचा, ते सांगत नाही. तो म्हणाला, "सर, टेन्शन नक्को. बेटी को सिर्फ बैठना है, बाकी हम देख लेते." ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात. मुलगी स्टिअरिंगवर बसली, शेजारी स्कूलचा माणूस. त्यानं आपल्या पायांनी गाडी मैदानात फिरवली, हिनं फक्त चाक धरलं. परीक्षा घेणारे आरटीओचे साहेब दुसरीकडे तोंड करून चहा पीत होते. गाडी थांबली तेव्हा मुलगी उतरून माझ्याकडे आली आणि हसली. त्या हसण्यात लाज होती. मी तिला शाबास म्हणालो.

शेजाऱ्याच्या नव्या गाडीत तिला ड्रायव्हरच्या जागी बसवून फोटोही काढला. इंजिन बंद होतं. तो फोटो मीच तिकडे पाठवला.

मुलगी दाखवायचा कार्यक्रम गाणगापूरला झाला. आमच्या भागात बरेच जण तसं करतात. दोन्ही घरं दर्शनाला आली म्हणायचं, लॉजवर एका खोलीत चहा घ्यायचा; जमलं तर जमलं, न जमलं तर गावात कुणाला पत्ता लागत नाही. मुलाची आई म्हणाली, फोटोत लई ऐटीत बसली होती पोरगी. सगळे हसले. मुलगी माझ्याकडे बघत होती. दत्ताच्या देवळाची घंटा खोलीत ऐकू येत होती आणि मी म्हणालो, "मला दवाखान्यात न्यायचं झालं तर तीच नेते."

हे कुणी विचारलंही नव्हतं.

लग्न झालं, ती गेली. विमानतळाच्या वाटेत तिला सांगितलं, आता नवरा शिकवील. हे त्याला कळणार कसं, याचा विचार मी केला नाही. ती तिथं पोचल्यावर त्यानं हौसेनं किल्ली हातात दिली. ती आज नको, उद्या, असं करत राहिली. मग त्यानंच तिची परीक्षा ठरवली. आधी दोन-चार संध्याकाळी तिला घेऊन बाहेर पडला आणि रस्ते नवीन आहेत म्हणून बिचकते, असं समजला. परीक्षेत तपासनिसानं पहिल्याच चौकात गाडी बाजूला घ्यायला लावली आणि तिला उठवून पलीकडच्या सीटवर बसायला सांगितलं. तिथला कायदा असा, की परीक्षेत नापास झालं की आपलं इकडचं लायसन्स तिकडे बाद. पुढेमागे पिवळी पाटी लावून, शेजारी लायसन्सवाला माणूस बसवून, पहिल्यापासून शिकायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावयाचा फोन आला. मी जेवून उठलो होतो. बायको ताटं आवरत होती. तो शांतपणे बोलला. "मामा, एकच विचारतो. तिला तिकडं गाडी येत होती का न्हाई?"

मला काय विचारलं जातंय ते समजलं. माझ्यासमोर बायको उभी होती, गाणगापूरची खोली उभी होती. मी म्हणालो, "येत होती की. चांगली चालवायची. पोरगी जरा भित्री हाय, तिकडं जाऊन घाबरली असेल."

पलीकडे कुणीतरी श्वास घेतल्यासारखा आवाज आला. मग तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला. माझा फोन तिकडे स्पीकरवर होता आणि शेजारी माझी मुलगी बसली होती, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं.

त्यानंतर नात्यात कुणी विचारलं की मी तेच सांगायचो. एकदा बोललेलं टिकवावं लागतं. भित्री आहे हो, हात कापतात तिचे. ते कापायचे, हे मी माझ्या मनानं घातलं. तिच्या मावसभावांनी तर तिची नक्कल बसवली आहे.

तिला एका प्रयोगशाळेत नोकरी मिळत होती. तिथं बस जात नव्हती. ती गेली नाही. बाळ झालं, तर बाबागाडी ढकलत चालत दवाखान्यात जायची. फोनवर मला हवापाणी सांगायची. अप्पा, हे कसं करू, ते कसं करू, असं ती लहानपणापासून विचारायची. ते बंद झालं. मला वाटलं, संसारात पडली.

पुढे तिनं पिवळी पाटी लावली. एका बाईकडे पैसे भरून शिकली, पास झाली. हे तिनं आईला सांगितलं, मला आईनं सांगितलं.

मागल्या वर्षी आम्ही दोघं तिकडे गेलो. विमानतळावर ती एकटीच गाडी घेऊन आली. मी पुढे बसलो. मोठा रस्ता, शेजारून ट्रक जात होते आणि माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जात होता. तिनं ते पाहिलं.

"अप्पा, पाय सोडा," ती म्हणाली. "ब्रेक माझ्याकडंच आहे."

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी ती कामावरून यायची होती. जावई भांडी घासत होता. मी त्याच्याजवळ उभा राहून सगळं सांगितलं. एजंट, मैदान, फोटो, फोन. त्यानं नळ बंद केला.

"मामा, हे तिनं मला नापास झाली त्याच दिवशी सांगिटलं होतं," तो म्हणाला. "शब्दाला शब्द. म्हणून तर तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात येत होती. मग मी तिला खोटारडी म्हणालो. म्हणालो, डिग्री तरी खरी आहे का तुझी, का तीबी अशीच." त्यानं फडक्याला हात पुसले. "दोन वर्षं मी तिच्या शेजारी बसलो न्हाई गाडीत. हेडमास्तर माणूस खोटं कशाला बोलेल, असं वाटलं."

मुलगी आली, तिला त्यानं सांगितलं. ती माझ्याकडे आली. मला वाटलं, रडेल, किंवा जाऊ द्या म्हणेल. ती चपलाही न काढता उभी होती.

"तेव्हा स्पीकरवर बोललात, मी ऐकायले होते," ती म्हणाली. "आता खरं सांगायलात तर माझ्या माघारी कामून?"

तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "आणि यांना सांगून काय उपयोग? यांना माहितीच हाय. जिथं मला भित्री म्हणतात, तिथं सांगा."

परत आल्यावर पहिलं लग्नकार्य कलबुर्गीत होतं. जेवणं झाल्यावर खुर्च्या गोल मांडून नात्यातले बसले होते. मी उभा राहून सांगितलं. मुलगी खरं बोलली होती, खोटा मी. काही जण खाली बघू लागले. एक मेहुणा म्हणाला, सर, लेकीसाठी बाप काय काय अंगावर घेतो. बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांना मी आज खोटं बोलतोय असं वाटलं, म्हणून हे आता लिहून ठेवतो. वाचतील ते वाचतील.

उठताना दुसऱ्या एकानं मला मांडवाबाहेर नेलं. त्याच्या मुलीला कॅनडातलं स्थळ आलं होतं. त्या एजंटाचा पत्ता आहे का, असं त्यानं हळूच विचारलं.

मी म्हणालो, "पोरीला माझ्याकडं पाठव. गाडी दारात उभी हाय. ओरखडे पडू दे. मी शिकवतो."

तो हसला. "शिकंल की नंतर," तो म्हणाला. "आधी जमू तर द्या, सर."