अंगठीची टकटक

देवावरचा विश्वास उडाला नव्हता, पण रुसवा मात्र पुरता धरला होता. आयर्लंडमधल्या मेनूथ गावातल्या आमच्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघरातल्या कपाटातच आमचा देव्हारा. दत्तगुरूंच्या त्या तसबिरीसमोरचं दार मी कित्येक दिवस उघडलं नव्हतं. मी घरूनच माहितीपटांचं संकलन करते. पॅलेस्टाईनच्या वेस्ट बँकमधल्या एका खेड्यावरची फिल्म हाती होती. जैतुनाची झाडं, शेळ्या आणि सगळ्या गावाला दटावणारी एक आजी. चित्रीकरणानंतर ते गाव रिकामं करावं लागलं, आजीचा फोन लागेना. दिवसभर ती माझ्यासमोर पडद्यावर हसायची, आणि ती जिवंत आहे की नाही हेच मला ठाऊक नव्हतं. कसला देव नि कसला दिवा, असं झालं होतं.

चेहरा दाखवण्याआधी मला पुन्हा विचारा, ही आजीची अट. तिचा नातू रोज इस्रायली लष्कराचा तपासनाका ओलांडून कामाला जाई. तिला कुणी ओळखलं तर तो अडकला असता. कॅमेरा नको झाला की ती बोटातली अंगठी टेबलावर वाजवायची, आणि नूला नावाची आमची दिग्दर्शिका तो लगेच बंद करायची. त्या दिवशी संध्याकाळी फिल्म द्यायची होती. "चेहऱ्याशिवाय ही बाई लोकांना भिडणार कशी?" नूला फोनवर म्हणाली. "तू ठरव." आजी हो म्हणालीच असती, अशी मीही मनाची समजूत घालत होते.

कुठल्याही घरातून निघताना सगळ्यांनी गप्प उभं राहून त्या खोलीची शांतता ध्वनिमुद्रित करायची, म्हणजे ती पुढे दृश्यांखाली लावता येते, ही आमच्या कामाची रीत. आजीच्या घरची शांतता मी तिच्या चेहऱ्याच्या दृश्याखाली लावली. टक टक. चेहरा काढला, शांत. पुन्हा लावला, टक टक. हेडफोन उतरवले तरी थांबेना. आवाज देव्हाऱ्याच्या बंद कपाटातून येत होता.

"अगं, हीटिंगचे पाइप असतील. ग्रँड आहे सगळं," नवरा इथल्या लोकांच्या ढंगात म्हणाला. हीटिंग बंद होतं.

दार उघडलं. तसबिरीवर धूळ, बाकी काही नाही. दिवा लावून म्हटलं, "महाराज, मला कळत नाही. तुम्ही ठरवा." टकटक थांबली. चेहऱ्याऐवजी जैतून निवडणारे आजीचे हात ठेवले आणि फिल्म पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी नातवाचा निरोप आला. आजी बहिणीच्या गावी सुखरूप होती. चेहरा मात्र नको. "काल ती सारखी अंगठी वाजवत बसली होती. म्हणे, तिकडे ऐकू जातंय."

मी ओक्साबोक्शी रडले. मग ती शांतता पुन्हा लावून ऐकली. तिच्यात कुठेही टकटक नाही. मी कुणाशी वाद घालत नाही. रोज दिवा लावते, आजीसाठी हात जोडते, आणि कपाटाचं दार आता उघडंच ठेवते.