एका खळग्यात पाच

दिल्लीहून आलेलं पत्र बाई उभ्याने वाचायच्या. शिपाई टपाल घेऊन दारात आला की हातातलं काम बाजूला ठेवायच्या, साबणाने हात धुवायच्या, पुसायच्या आणि खिडकीशी जाऊन पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत सगळं वाचून काढायच्या. मग घडी घालून म्हणायच्या, "वाचलं." एवढंच. मी नवा होतो तेव्हा मला वाटायचं, 'वाचलं' म्हणजे 'मान्य'. तसं ते नव्हतं, हे कळायला मला वर्ष लागलं. आमच्या साहेबांना तर शेवटपर्यंत कळलं नाही.

तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल. हुद्दा मोठा नसतो, आवाज चढत नाही, पण साहेब त्याच्या टेबलावरून जाताना पावलं जरा भरभर उचलतात. आमच्याकडे त्या बाई होत्या.

घाटकोपरला एका इस्पितळाच्या मागच्या अंगाला आमची सरकारी प्रयोगशाळा होती. मी ज्युनिअर टेक्निशियन, बाई सीनिअर. पन्नाशीच्या, ठेंगण्या, मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या. वडील गिरणीत कामाला होते. लग्न केलं नव्हतं. कांजूरमार्गला भावाच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. बोलणं आमच्यासारखंच मुंबईचं, पण चिडल्या की मालवणी बाहेर पडायचं. पहिल्याच दिवशी मी काचेची पिपेट तोंडात धरून रक्तातला पाणसर भाग वर ओढत होतो. तेव्हा सगळेच तसं करायचे. बाईंनी ती नळी माझ्या ओठांतून काढून घेतली.

"तुझ्या आवशीन तुका ह्येच्यासाठी वाढवल्यान काय रे, झिला?"

आवस म्हणजे आई, झिला म्हणजे पोरा. त्या दिवसापासून तेच माझं नाव झालं, आणि नळीला रबरी फुगा लावायची मला सवय झाली. त्या सवयीने माझा जीव वाचवला असेल, कोण जाणे.

ती ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. एड्स हा शब्द आधी परदेशातली बातमी म्हणून आला, मग आपल्याकडची कुजबुज म्हणून, आणि मग एक दिवस सरकारी टपालातून आला. दिल्लीत मोठ्या शास्त्रज्ञांची समिती बसली होती. तिने ठरवलं की तपासणीचे किट परदेशातून मागवायचे, देशभर काही केंद्रं नेमायची आणि त्या केंद्रांनी यादीतल्या मोठ्या इस्पितळांचेच नमुने तपासायचे. किट इथेच बनवायचं काम यथावकाश. आमची प्रयोगशाळा त्या केंद्रांत होती. पण मुलुंड, बोरिवली, अंधेरीच्या लहान रक्तपेढ्या यादीत नव्हत्या.

बाईंनी पत्र वाचलं. त्या दिवशी मात्र 'वाचलं'च्या पुढेही बोलल्या. "हे परिपत्रक रोगालाही गेलं असेल ना रे? मुलुंडला उतरू नको म्हणून?"

किटचा पहिला साठा विमानाने आला आणि विमानतळाच्या गोदामात अडकला. कागदावर एक सही कमी होती आणि सही करणारे दौऱ्यावर होते. किट थंड ठेवावं लागतं. मे महिन्यात त्या पत्र्याखाली दोन दिवस पडलं की संपलं. आमच्या साहेबांनी दिल्लीला तार केली आणि उत्तराची वाट बघत बसले. बाई उठल्या. बाजारातल्या ओळखीच्या कोळणीकडून बर्फाची लादी घेतली, मासळीच्या थर्मोकोलच्या खोक्यात फोडून भरली आणि मला रिक्षात घालून विमानतळ गाठला.

गोदामाचा कारकून म्हणाला, "मॅडम, सहीशिवाय माल मिळणार नाही."

"माल कोण मागतंय? मला बर्फ ठेवायचाय."

"कुठे?"

"मालाच्या बाजूला. बर्फ ठेवू नये असा नियम असेल तर दाखवा."

त्याने खरोखरच नियमांचं पुस्तक काढलं. बिचारा बराच वेळ पानं उलटत राहिला. तोवर खोक्यातलं पाणी त्याच्या टेबलाखाली पोचलं होतं आणि खोलीभर बांगड्याचा वास सुटला होता. शेवटी नाकाला रुमाल लावून म्हणाला, "ठेवा, बाई, ठेवा." आम्ही चार दिवस रोज बर्फ बदलायला गेलो. चौथ्या दिवशी कारकून स्वतःच दारात उभा होता. "आज उशीर केलात," म्हणाला. त्याच दुपारी सही आली. एकही किट खराब निघालं नाही.

काम सुरू झालं तशी आमची प्रसिद्धी झाली. झाडूवाला दाराबाहेरूनच झाडून जायला लागला. कॅन्टीनमध्ये आमचे कप वेगळे झाले, बुडाला लाल ठिपका. बाईंनी चहा संपवला, कप उलटा करून पाहिला आणि निघून गेल्या. दुपारी ऑइलपेंटची लाल डबी आणि ब्रश घेऊन परत आल्या. मोरीत पडलेले सगळे कप धुतले, ओळीने उपडे घातले आणि एकेकाला ठिपका देत बसल्या.

कॅन्टीनवाला धावत आला. "बाई, हे काय करताय!"

"तुझं काम हलकं करतेय. आता शोधत बसायला नको."

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर, नर्सा, पेशंटचे नातेवाईक, सगळे लाल ठिपक्याचा चहा प्यायले. कोणाला काही झालं नाही. पण मी तुम्हाला खरं सांगतो, त्या दिवसांत मीही घरी गेल्यावर आईने दिलेला पाण्याचा पेला जरा जपूनच हातात घ्यायचो. भीती सगळ्यांना होती. बाईंनाही असणार. त्या भीतीला कामाला लावायच्या, एवढाच फरक.

किट थोडे यायचे. प्रत्येकात प्लास्टिकची एक प्लेट, तिच्यात बारीक खळगे. एका खळग्यात एका माणसाच्या रक्ताचा नमुना. दोष असेल तर पिवळा रंग चढायचा. बाईंच्या डोक्यात आलं, पाच जणांचा नमुना थोडा थोडा एकाच खळग्यात घातला तर? रंग नाही आला तर पाचही सुटले. आला तर त्या पाचांचे वेगवेगळे तपासायचे. एवढ्याच किटमध्ये रक्ताच्या कितीतरी जास्त बाटल्या तपासून होतील.

"पण बाई, पातळ होऊन रंगच नाही आला तर?" मी विचारलं.

"तेच तर बघायचंय. कप्पाळावर लिहिलेलं असतं काय ते?"

आमच्याकडे दोष असल्याचं नक्की ठरलेले काही नमुने होते. बाईंनी ते निरोगी नमुन्यांत मिसळून पाहिले. दोघांत एक, पाचांत एक, दहांत एक. प्लेटच्या टोकाला जे खळगे रिकामे राहायचे तेवढेच वापरायच्या, सरकारी किट त्यासाठी फोडलं नाही. पाचांत एक असला तर रंग दर वेळी चढायचा. दहांत कधी चढायचा, कधी नुसती झाक. सगळं वहीत उतरवून त्यांनी दिल्लीला परवानगी मागितली.

उत्तर आलं. उत्पादकाच्या पत्रकात ही पद्धत नमूद नाही, सबब अवलंबू नये. यादीबाहेरचे नमुने स्वीकारू नयेत.

"वाचलं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बसने मुलुंडच्या एका लहान रक्तपेढीत गेल्या. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांना हा रोग माहीत होता, पण तपासायचं कशाने ते माहीत नव्हतं. बाई नमुन्यांचा डबा मांडीवर घेऊन परत आल्या. मग दर सोमवारी डबा यायला लागला. माझी नोकरी कच्ची होती, लग्न ठरलेलं होतं. माझी चुळबुळ त्यांनी ओळखली. म्हणाल्या, "तू वहीत सही करू नकोस. माझीच राहू दे."

मी केली नाही. दोघांच्या हाताने काम व्हायचं आणि खाली एकच नाव असायचं.

पावसाळा संपत आला असताना एका सोमवारी मुलुंडच्या पाचांच्या खळग्यात पिवळा रंग चढला. आम्ही एकेक नमुना वेगळा तपासला. तिसरा. पुन्हा तपासला. तिसराच. बाईंनी मुलुंडला फोन लावला. "तिसरी बाटली हलवू नका," असं दोनदा म्हणाल्या. पलीकडून डॉक्टर काहीतरी बोलत होते. फोन ठेवल्यावर बाई स्टुलावर बसल्या. ती बाटली दुपारी एका बाळंतिणीसाठी प्रसूतिगृहात जायची होती.

मी म्हणालो, "बाई, बाटली थांबली ना? नष्ट करू या. कोणाला कळायचं नाही."

"आणि तो माणूस? रक्त विकून पोट भरतो तो. मुलुंडला घेतलं नाही तर उद्या बोरिवलीला जाऊन दुसरी बाटली भरेल. तिथे कोण बसलाय तपासायला?"

"पण कळवायचं म्हणजे मनाई मोडली हे आपणच लिहून देण्यासारखं आहे."

"मग? मोडलीच आहे ना?"

त्यांनी पत्र लिहिलं. आपली मनाई असताना, यादीबाहेरचे नमुने, पाच एकत्र करून तपासले. त्यात एक दोषी निघाला. तरी सर्व रक्तपेढ्यांची तपासणी विनाविलंब सुरू करावी, आणि किट पुरेसे येईपर्यंत ही पद्धत चालू द्यावी. सोबत वहीची नक्कल. दोनदा शाई सांडली, दोनदा कागद बदलला, मजकूर मात्र बदलला नाही. त्या माणसालाही त्यांनी बोलावून घेतलं, दार लावून अर्धा तास समजावलं. आत काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही. तो बाहेर पडला तेव्हा त्या गेटपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेल्या.

पंधरा दिवसांनी दिल्लीहून चौकशीला एक डॉक्टर आले. आमचे साहेब घामाघूम झाले होते. मी भिंतीला टेकून उभा.

"पत्रात मनाई स्पष्ट होती. आपण वाचलं नव्हतं?"

"वाचलं होतं, सर."

"वाचून केलंत?"

"वाचूनच केलं. न वाचता केलं असतं तर ती चूक झाली असती."

मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "यात तुम्हीही होता?"

माझं तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "तो बाटल्या धुवायचा, सर. त्याला काय कळतं यातलं?"

आणि मी गप्प राहिलो. इतकी वर्षं झाली, ती गप्प बसण्याची मिनिटं माझ्या मनातून गेलेली नाहीत.

डॉक्टर वाईट नव्हते. वही त्यांनी पान न् पान पाहिली. जरा वेळाने आवाज खाली आणून, चौकशी संपल्यासारखं विचारलं, "पाचच का? दहा का नाहीत?"

"दहाला रंग फिका पडतो. फिका रंग मला ओळखता येतो. उद्या माझ्या जागी येईल त्याला येईलच असं नाही."

डॉक्टरांनी ते वहीच्या कडेला टिपून घेतलं. वही बरोबर घेऊन गेले. बदलीचा हुकूम तरीही आला. आरे कॉलनीकडे, दुधाचे टँकर तपासायच्या एका खोलीवर. साहेबांनी समजुतीच्या सुरात सुचवलं, माफीचं पत्र द्या, मी थांबवतो. बाई म्हणाल्या, "साहेब, माफी कोणाकडे मागू? त्या बाळंतिणीकडे?" आणि डबा-छत्री घेऊन निघून गेल्या.

पुढच्या सोमवारी मुलुंडचा डबा आला. घेऊ नका असं त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. शिपाई माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी डबा आत घेतला. संध्याकाळी नवी वही आखली आणि खाली माझी सही केली. तेवढी एक सही करायला मला पाच नमुने तपासण्यापेक्षाही जास्त वेळ लागला.

मला वाटलं होतं दोन आठवड्यांत माझाही हुकूम येईल. आला नाही. साहेब माझ्या टेबलावरून भरभर जायला लागले, एवढंच. वर्षभराने दिल्लीचं नवं पत्र आलं. प्रत्येक रक्तपेढीची प्रत्येक बाटली तपासावी. किट कमी असतील तिथे पाचपर्यंत नमुने एकत्र करण्यास हरकत नाही. तज्ज्ञांच्या अभ्यासाअंती, असं त्यात होतं. कोणते तज्ज्ञ, ते नव्हतं.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आरेची बस पकडली. त्या खोलीत बाई परीक्षानळीत दूध उकळत होत्या. दूध नासलं तर आंबट, टँकर परत. हात गुंतलेले होते, म्हणून मीच तोंडी सगळं सांगितलं.

"मुलुंड आहे त्यात?"

"सगळेच आहेत, बाई. बोरिवली, अंधेरी, सगळे."

"आणि मधलं वर्ष?"

"डबा बंद झाला नाही."

"वहीत सही कोणाची?"

"माझी."

बाईंनी ज्योत बारीक केली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. शाबासकी वगैरे त्यांच्याकडे नव्हतीच. "अक्षर सुधार रे," म्हणाल्या. "पुढच्याला वाचता आलं पाहिजे." त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

पत्रात तुमचं नाव नाही, हे मला बोलायचं होतं. मी सगळ्या वाटेने ते मनात घोळवत आलो होतो. पण तेवढ्यात नळीतलं दूध फुटलं. पांढऱ्या गुठळ्या काचेला चिकटल्या.

बाहेर टँकर उभा होता. ड्रायव्हर आत डोकावला, हात जोडून म्हणाला, "बाई, जाऊ द्या ना. लांबून आलोय. मालक फोन करतील वर."

"करू दे. वरचे काय, नासलेलं दूध सांधून देणार आहेत?"

"एवढा एकच टँकर, बाई."

"हा एकच परत. उद्याचा उद्या बघू."

काही वर्षांनी बाई निवृत्त होऊन गावी गेल्या आणि तिथेच वारल्या, हे मला फार उशिरा कळलं. मला त्या दिसतात त्या त्या दुपारच्याच. ठेंगणी बाई, पदर खोचलेला, नासलेल्या दुधाची नळी हातात. दारात उभी राहून तो अवजड टँकर झाडांमधल्या अरुंद रस्त्यावर मागे-पुढे करत वळेपर्यंत बघत राहिली. तो पूर्ण वळून दिसेनासा होईपर्यंत आत आली नाही.