डोंगरावरचे पंखे अन् आमचा दादा

मंडळी, आज या फळ्यावर क्रिकेटचा स्कोर न्हाई. दुपारच्या ग्रामसभेचं लिवतोय.

वादळानं खांब पाडल्यापासून गावात लाईट न्हाई, त्यात आज पवनचक्कीवाले साहेब आलते. म्हनाले, "कोळशाच्या धुरानं हवा तापतेय, वादळं वाढतायत. तुमच्या डोंगरावर वाऱ्याची वीज करू."

म्हातारे तात्या उठले. "त्या पंख्यांनी आमचे ढग पळून जात्याल!"

मी मागनं वरडलो, "तात्या, मग उलटे बसवू. शेजारच्या पारनेरचे ढग हिकडं येत्याल!"

सगळी सभा हासली. तात्या म्हनाले, "गप ए माकडा!"

तेवढ्यात आमची आई उठली. "सायेब, त्या पंख्यांच्या राखनीला मानूस लागंल का वो? माझा थोरला सुरतेला कामाला हाय. औंदा दिवाळीलाबी आला न्हाई."

साहेब म्हनाले, "लागेल की, मावशी." पन तात्या अडून बसले, अन् ठराव म्होरच्या सभेवर गेला.

घरी येताना आई डोंगराकडंच बघत हुती. मला एकबी चेष्टा सुचली न्हाई. दादाची लई आठवन आली.

तुमच्या पाव्हन्यांच्या गावात असं काय काम आलंय का, की बाहेर गेलेली पोरं माघारी आली? आसंल तर खाली खडूनं लिवा. आईला वाचून दाखवीन.