उडदाच्या डाळीचा मासा

आम्ही भाड्याने राहतो ती कोठी नवाबी काळातली. भिंती गजभर रुंद, विटा मात्र बिस्किटासारख्या चपट्या, आणि दिवाणखान्याच्या कमानदार छताला एकही तुळई नाही. मुख्य दरवाजावर चुन्यात घडवलेली माशांची जोडी आहे. अवधच्या नवाबांची ती खूण. त्यातला एक मासा यंदा होळीनंतर गळून पडला.

घरमालकीण आपा हबकल्याच. रविवारी त्यांचा मुलगा परदेशातून येणार होता आणि कोठी ठेवायची की बिल्डरला द्यायची, हे बघून ठरवणार होता. मी रेल्वेत इंजिनिअर, उभा जन्म सिमेंटात गेलेला. म्हटलं, एका दुपारचं काम.

"सिमेंट से इन दीवारों का दम घुटता है," आपा म्हणाल्या. चुन्यात वाटलेली उडदाची डाळ, गूळ आणि बेलफळाचा गर, हा त्यांच्या घराण्याचा गिलाव्याचा मसाला. त्यांचा मिक्सर जळलेला, म्हणून भिजवलेल्या डाळीची बादली आमच्या स्वयंपाकघरात आली.

शनिवारी ऑफिसातून परतले तर जिन्यातच तळणीचा वास. नागपूरहून आलेल्या सासूबाईंनी त्या सगळ्या डाळीचे वडे केले होते.

"आंबायला लागली होती. वाया गेली असती ना," त्या म्हणाल्या.

खाली मिस्त्री चुना मळून बसलेला. मी वड्यांची परात घेऊन आपांकडे गेले. त्यांनी एक खाल्ला, मग दुसरा. "मछली न सही, नाश्ता तो हुआ," म्हणाल्या, पण डोळे भरून आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री नवी डाळ भिजत घातली.

रविवारी मुलगा आला तेव्हा दरवाजावर एकच मासा होता आणि आम्ही डाळ वाटत होतो. उरलेले वडे खात त्याने सगळी हकीकत ऐकली, पोट धरून हसला आणि बाह्या सारून मिस्त्रीच्या शेजारी शिडीवर चढला. त्याच्या हातचा मासा जुन्यापेक्षा बराच ढेरपोट्या झाला. सासूबाईंना तोच जास्त आवडतो.

मुलगा शेपटीपर्यंत पोचला होता तेव्हा बिल्डरचा फोन आला. त्याचे दोन्ही हात चुन्यात.

"अम्मी, आप ही कह दीजिए, घर में काम चल रहा है। बेचना नहीं है।"

आपांनी ते बिल्डरला दोनदा सांगितलं.